फुगा अक्षरातली चमक

पेंटरांच्या हातून उतरलेलं एकही अक्षर कधी उपाशी दिसलं नाही. इतरांची अक्षरं ताठ, काटकोनी, हजेरी द्यायला उभी राहिल्यासारखी. यांची मात्र खाऊनपिऊन सुखी. 'क'ची दोन्ही पोटं सुटलेली, 'ठ' म्हणजे नुसता भोपळा, आणि वरची रेघ अशी जाडजूड नि गोल टोकांची, की बोट लावलं तर आत दबेल असं वाटावं. कोपरा तर औषधालाही सापडायचा नाही. लोकांनी या वळणाला आपसूकच 'फुगा' म्हणायला सुरुवात केली. बेकरीवर फुगा, खेळण्यांच्या दुकानावर फुगा, सायकलवाल्याकडे फुगा. लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तर मुद्दाम फुगाच मागितला, म्हणजे रडणारी पोरं निदान पायरीपर्यंत तरी हसत येतील. एकदा एक वकीलही आले होते पाटी करून घ्यायला. पेंटर त्यांना म्हणाले, "साहेब, या अक्षरात तुमचं नाव लिहिलं तर अशील तुमच्याकडे गोळ्या-बिस्किटं मागतील." वकिलांनी मग दुसरीकडून सरळ अक्षरांची पाटी करून घेतली.

पण फुग्याचं खरं मर्म होतं त्याच्या चमकेत. अक्षर रंगवून झालं, की त्याच्या पोटाच्या डाव्या खांद्यावर पेंटर पांढऱ्या रंगाचा एक वाकडा तुकडा ठेवायचे, वांग्यावर उजेड पडल्यावर दिसतो तसा. तो पडला की सपाट पत्र्यावरचं अक्षर एकदम फुगून वर यायचं. दुसऱ्या पेंटरांनी नक्कल करून पाहिली. पोटं जमली, चमक काही जमली नाही. त्यांची चमक म्हणजे भिंत रंगवताना चुना उडाल्यासारखी. पेंटरांना विचारलं तर ते खांदे उडवायचे. "मी काही करत नाही. दिसतं ते काढतो," एवढंच म्हणायचे.

पुढं फ्लेक्स आले आणि पेंटरांनी ब्रश धुऊन ठेवून दिले. फ्लेक्सनं बिचाऱ्यांच्या पोटावर पाय दिला, असं लोक म्हणाले. सगळ्याच पेंटरांच्या पोटावर दिला होता, त्यामुळे जास्त चौकशी कुणी केली नाही. मग काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले. आता ते दिवसभर पुढच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि रेडिओवर बोलणाऱ्या माणसांशी भांडायचे. आवाज ऐकून शेजाऱ्यांना वाटायचं, घरात पाहुणे आलेत.

घरात माणसं तीन. पेंटर, त्यांची धाकटी बहीण आणि मुलगी. बहीण आजारी वहिनीची सेवा करायला म्हणून आली होती, ती वहिनी गेल्यावर राहूनच गेली, आणि मुलीला तिनंच वाढवलं. मुलीचं नाव घरात बबडी. पस्तिशी उलटली, कपाळावर दोन केस पांढरे झाले, तरी बबडीच. बबडी कॉम्प्युटरवर अक्षरांचे संच तयार करायची. वर्तमानपत्रं, पुस्तकं, औषधांची खोकी, जिथं जिथं छापील अक्षर लागतं तिथं तिचा एखादा टाइप असायचा. ज्या मागच्या खोलीत बाप पत्रे रंगवायचा, त्याच खोलीत आता लेकीचं टेबल होतं. बापलेकीचा धंदा एकच, फरक फक्त हात माखण्याचा.

बबडीची आई गेली तेव्हा बबडीला दातही आले नव्हते. आईचा एकच फोटो होता, तो ओल धरून काचेला चिकटला, आणि कुणीतरी सोडवायला गेलं तेव्हा चेहरा काचेलाच राहिला. खाली उरली साडी आणि मांडीवर ठेवलेले दोन हात. बबडीला आईचा चेहरा बघायचा होता. लहानपणी बघायचा होता, कॉलेजात असताना बघायचा होता, आणि आताही आरशासमोर केस विंचरताना तिच्या मनात तेच यायचं. आत्याला विचारावं तर आत्या म्हणजे अशी की शब्द उसने दिल्यासारखी बोलणार.

"आई दिसायला कशी होती गं?"

"चांगली होती."

"नाक कसं होतं?"

"नाकासारखं."

वडिलांना विचारून उपयोग नव्हता. पेंटर अक्षरांचे राजे खरे, पण चेहऱ्याच्या वाटेला गेले की बटाटाच व्हायचा. एकदा बबडीनं फार हट्ट केला तेव्हा त्यांनी कागदावर आई काढून दिली होती, आणि तो अंबाडा घातलेला बटाटा बघून बबडी अशी रडली, की पेंटरांनी पुन्हा तो नाद केला नाही.

तर झालं असं, की बिस्किटांच्या एका कंपनीला जुन्या वळणाचा टाइप हवा होता. हल्ली सगळ्यांनाच हवा असतो. ज्यांनी तो काळ बघितलाच नाही त्यांना त्याची आठवण फार. जाड, गोल, गुबगुबीत, बघताच तोंडाला पाणी सुटेल असं अक्षर द्या, असं त्यांचं म्हणणं. बबडीला वाटलं, असं अक्षर तर आपल्या घरचंच आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला? ती कॅमेरा घेऊन निघाली आणि जिथं जिथं वडिलांचे बोर्ड शिल्लक होते तिथं जाऊन अक्षरं टिपून आणू लागली. संचाचं नाव आधीच ठरलेलं होतं, फुगा.

काम मजेचं होतं. फोटो पडद्यावर मोठा करायचा, अक्षराच्या कडेनं रेघ फिरवायची, आणि चमक वेगळी काढून ठेवायची, म्हणजे वापरणाऱ्याला ती हव्या त्या रंगात देता येईल. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडच्या 'द'ची चमक काढताना तिला आत एक गडद ठिपका दिसला. रंगाचा टवका उडाला असेल म्हणून तिनं पुसून टाकला. खेळण्यांच्या दुकानाच्या 'ख'मध्येही ठिपका होता. माशी बसली असेल, म्हणून तोही पुसला. सायकलवाल्याच्या 'स'मध्ये पुन्हा ठिपका, आणि बरोबर त्याच जागी. तेव्हा तिचा हात थांबला. माशा इतक्या शिस्तीच्या नसतात.

तिनं चमक आणखी मोठी केली. लांबून जो नुसता वाकडा पांढरा तुकडा वाटायचा, तो तुकडा नव्हता, खिडकी होती. दोन झडपा, मध्ये आडवी पट्टी, पोटाच्या गोलाईवर वाकलेली. बबडी जिथं बसली होती तिथून मान वळवली की दिसायची तीच, मागच्या खोलीची खिडकी. आणि ठिपका टवक्याचा नव्हता. पेंटरांनी अगदी बारीक ब्रशानं तेवढी जागा काळजीपूर्वक कोरी सोडली होती. खिडकीच्या अलीकडे कुणीतरी उभं होतं.

बबडीनं मग दुकानदारांना विचारून विचारून बोर्ड वयानुसार लावले. सगळ्यांत जुना सायकलवाल्याचा. त्यात खिडकीपाशी नुसता उभा ठिपका. खेळण्यांच्या दुकानात त्या ठिपक्याला खांदे आलेले. डॉक्टरीणबाईंच्या पाटीवर साडीचा काठ कळत होता. एकेका बोर्डागणिक ती आकृती खिडकी सोडून पुढं येत होती. पेंटरांनी शेवटचा बोर्ड केला तो बेकरीचा. तो बघायला बबडी धावतच गेली.

बेकरीवाले काका तिला लहानपणापासून ओळखायचे. त्यांनी शिडी लावून दिली आणि खाली धरून उभे राहिले.

"काका, बोर्ड पुसत नाही का हो तुम्ही? केवढी धूळ."

"मी माणूस लावतो गं पुसायला. पण त्याला हात लावायला कुणी तयार होत नाही. म्हणे, बोर्ड बघतो."

"बघतो म्हणजे?"

"बघतो म्हणजे बघतो. गिऱ्हाईकंसुद्धा पाव घेताना मान खाली घालून उभी असतात. मला काय, मी आत भट्टीपाशी असतो." काका हसले, पण शिडी धरून उभ्या उभ्या मान त्यांनीही वर केली नाही.

बेकरीच्या 'ब'मध्ये बाई एवढ्या जवळ आली होती, की चमकेत मावत नव्हती. साडीचा पदर, खांदा, गळा, आणि हनुवटीची खालची गोलाई. तिथं चमकेची कड आली आणि चेहरा बाहेर राहिला. शिडीवर उभ्या उभ्या बबडीचे डोळे भरून आले. ही कोण, हे तिला कुणी सांगायची गरज वाटली नाही.

घरी येऊन तिनं आधी रेडिओ बंद केला.

"बाबा, तुमच्या चमकेत कोण उभं असतं?"

पेंटरांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला, की डोळे असते तर ते तिच्याकडे रोखून बघत राहिले असते.

"दिसली तुला? मला वाटायचं, मी सोडून कुणाला दिसत नाही."

"आई आहे ना?"

"तुझी आई गेली आणि मी चार दिवस घरात बसून राहिलो. मग काम तरी करावं म्हणून सायकलवाल्याचा पत्रा घेतला. ऑइलपेंट ओला असतो तेव्हा आरशासारखा असतो, माहितीय ना? त्यात माझ्या मागची खिडकी दिसायची. रोजचंच ते. पण त्या दिवशी खिडकीपाशी ती उभी होती. मी काय करणार? मी दिसतं ते काढतो."

"मागे वळून नाही बघितलंत?"

"बघितलं की. मागे कोणी नसायचं, आणि तेवढ्यात रंगातूनही जायची. मग मी वळायचं सोडलं." पेंटरांनी खुर्चीच्या हातावर बोटं फिरवली. "मी तिच्याशी बोलत बोलत काम करायचो. तू आज काय खाल्लंस, पहिलं पाऊल कधी टाकलंस, सगळं सांगायचो. ती ऐकायला दरवेळी थोडी पुढं यायची."

"पण ती आईच, हे कशावरून?"

"अगं, दुसरं कोण येणार माझ्या मागे उभं राहायला?"

दुसरं उत्तर खरं तर बबडीला नकोच होतं.

"मग तुम्ही काम का सोडलंत? फ्लेक्समुळे नाही?"

"फ्लेक्स!" पेंटरांनी हात झटकला. "बेकरीच्या बोर्डाला ती हनुवटीपर्यंत दिसली. पुढच्या बोर्डाला पूर्ण दिसणार, हे मला कळलं होतं. आपण ताटातला गोड घास शेवटी खायचा म्हणून कडेला सारून ठेवतो ना, तसं केलं मी. म्हटलं, म्हातारपणी एकदा निवांत बसून बघू. घाई काय आहे? आणि मग डोळेच गेले."

हे त्यांनी इतकं सहज सांगितलं, की बबडीला हुंदका आवरेना. तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तिनं मनाशी तेव्हाच ठरवलं, की तो राखून ठेवलेला घास आपण ताटात वाढायचा. त्यांना ऐकवायचा आणि आपण बघायचा.

आत्या ओले हात पदराला पुसत दारात उभी होती. ती केव्हापासून ऐकत होती कोण जाणे.

"बबडे, त्या पत्र्याच्या नादी लागू नकोस," ती म्हणाली.

"का पण?"

"आपलं माणूस आपल्या घरी येतं तर थेट येतं. वर्षानुवर्षं असं पाऊल पाऊल चोरून कोण येतं?"

"तुझं आपलं काहीतरीच," पेंटर म्हणाले. आत्या आत निघून गेली, पण संध्याकाळच्या चहात साखर घालायला विसरली, आणि आत्या साखर विसरते म्हणजे गोष्ट साधी नव्हती.

संचात एक अक्षर कमी होतं. 'ज्ञ' कुठल्याच दुकानाच्या नावात आला नव्हता, त्यामुळे पेंटरांनी फुग्यात तो कधी काढलाच नव्हता. बबडीला तो कॉम्प्युटरवर सहज जुळवता आला असता, पण तिनं रंगाच्या दुकानातून लाल ऑइलपेंटचा डबा आणला, माळ्यावरून उरलेला पत्रा काढला आणि वडिलांच्या ब्रशांची गुंडाळी सोडली. ब्रश इतके मऊ निघाले, जणू कालच धुतले होते. जेवणं झाल्यावर, लख्ख उन्हात, तिनं मागच्या खोलीत पत्रा भिंतीला टेकवून उभा केला. खिडकी तिच्या पाठीशी आली. आत्या स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. पेंटर व्हरांड्यातून मोठ्यानं सूचना देत होते.

"खडूनं आधी गोल घे! हात खांद्यातून हलव, मनगटातून नको!"

"हो बाबा!"

"ब्रश उचलू नकोस मध्येच! पोट भरेपर्यंत उचलायचा नाही!"

बबडीचा हात माउसला सरावलेला, पण रंग ओढायला लागल्यावर तो जणू स्वतःच शहाणा झाला. 'ज्ञ'चं पोट भरलं, मान वळली, शेपूट गोल होऊन थांबली. अक्षर एवढं मोठं झालं होतं, की त्याच्या डाव्या खांद्यावर तळहात मावला असता. रंग ओला होता, तेलकट चमकत होता. आता वरून काही करायचं नाही, दिसतं ते काढायचं. ती पांढरा रंग नि बारीक ब्रश घेऊन समोर बसली.

आधी लाल रंगात खिडकी दिसली, वाकलेली. खाली तिच्याच डोक्याची काळी सावली. तिच्या मानेवर पाठीमागून ऊन पडलं होतं, चांगलं चटके देणारं. ती वाट बघत राहिली. आवाज कसलाच झाला नाही, कपड्याची सळसळ नाही, फरशीवर पाऊल नाही. फक्त मानेवरचं ऊन निघून गेलं. ढग आला असेल म्हणून तिनं खोलीत इकडंतिकडं बघितलं, तर कपाटावर, फरशीवर, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन होतं तसंच होतं. तिच्या पाठीवरच तेवढी सावली पडली होती.

बबडी वळली नाही. तिनं रंगात बघितलं.

तिच्या डोक्याच्या सावलीमागे, अगदी खांद्याशी, एक बाई वाकून बघत होती. या खेपेला कड मध्ये आली नाही. हनुवटी दिसली, ओठ, नाक, डोळे, कपाळ, सगळं. शांत चेहरा होता. रागाचा नव्हता, फार प्रेमाचाही नव्हता. आपलं मूल अभ्यास करताना मागे उभी राहून आई बघते ना, तितकंच लक्ष देऊन ती बघत होती. बबडीला वाटलं, ही हनुवटी माझीच. हे कपाळ माझंच. वाटलं म्हणजे तिनं ठरवलंच. तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. डाव्या हातानं ते पुसत उजव्या हातानं ती एकेक रेघ उतरवत राहिली. बापाला चेहरा काढता येत नव्हता, तिला येत होता. भुवया काढल्या, डोळ्यांची घडी काढली, ओठांचा कोपरा काढला. इतकं खरं चित्र तिच्या हातून जन्मात उतरलं नव्हतं.

"आई," ती हळूच म्हणाली.

बाईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. बबडीनं शेवटचा ठिपका डोळ्यात ठेवला, आणि त्या क्षणी तिच्या मानेवर पुन्हा ऊन आलं. ओल्या रंगातली खिडकी मोकळी होती. पांढऱ्या रेघांतला चेहरा तेवढा राहिला होता.

"झालं का गं?" व्हरांड्यातून पेंटरांनी विचारलं.

"झालं, बाबा! थांबा हं, सांगते!" तिचा आवाज आनंदानं फुटत होता. ती स्वयंपाकघरात गेली आणि आत्याच्या हातातलं पातेलं काढून घेऊन तिला ओढतच मागच्या खोलीत घेऊन आली. आईचा चेहरा बघितलेलं, डोळे शाबूत असलेलं, घरात हे एकच माणूस होतं.

आत्यानं आधी चष्मा पुसला. मग पत्र्यासमोर खाली बसली. तिनं चेहरा उजवीकडून बघितला, डावीकडून बघितला, आणि बबडी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आता ही रडेल, असं तिला वाटत होतं. आत्या रडली नाही. तिचा रंगच उतरला.

"काय गं? बोल ना."

"ही वहिनी नव्हे," आत्या म्हणाली.

"असं कसं? आजारपणात वेगळी दिसत असेल—"

"बबडे, त्या आजारपणात मी तिला न्हाऊ घातलंय, विंचरलंय, भरवलंय. शेवटी डोळेही मीच मिटले. अंधारात हात फिरवला असता तरी मी तिला ओळखलं असतं." आत्याचा आवाज खाली खाली जात होता. "वहिनीचं यात काहीसुद्धा नाही. नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही. ही बाई मी कधी बघितलेली नाही."

बबडीनं त्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो तसाच लक्ष देऊन बघत होता, पण मघा जी हनुवटी तिला आपली वाटली होती ती आता कुणाचीच नव्हती. इतकी वर्षं वडील काम करता करता कुणाशी बोलत होते, कुणाला तिच्या दातांच्या, पावलांच्या गोष्टी सांगत होते, हे मनात आलं तशी ती पत्र्यापासून मागे सरकली. आणि आईचा चेहरा तिला काही बघायला मिळाला नव्हता. ते दुःख त्या भीतीतही वेगळं कळत होतं.

"बबडे!" पेंटरांची हाक आली. "अगं सांग ना! दिसली का? तीच आहे ना?"

आत्या नको नको म्हणून मान हलवत होती. पण बबडीच्या डोळ्यांसमोर आले ते व्हरांड्यात बसलेले वडील, आंधळे, रिकाम्या ताटासमोर बसल्यासारखे. ही बाई वहिनी नव्हे, असं आता त्यांना सांगायचं? कोणत्या तोंडानं? त्यांचं सगळं आयुष्यच त्या एका घासावर राहिलं होतं. ती दाराशी गेली आणि जमेल तितक्या हसऱ्या आवाजात म्हणाली, "हो बाबा. दिसली. आईच आहे."

आत्यानं तिचं मनगट पकडलं. "काय बोललीस हे? का बोललीस?"

तेवढ्यात व्हरांड्यात पेंटर बोलायला लागले. रेडिओशी भांडायचा तो आवाज नव्हता. हळू, लाजल्यासारखा, बबडीनं जन्मात न ऐकलेला आवाज होता.

"ये," ते म्हणत होते. "ये ना. आता तर पोरगीच म्हणाली."

दोघी धावत बाहेर आल्या. व्हरांड्यात ऊन होतं, रस्त्यानं माणसं जात होती, समोर कुणीतरी गाडी धूत होतं. पेंटर खुर्चीत ताठ बसले होते. त्यांचा डावा हात खुर्चीच्या हातावरून वर उचललेला होता, आणि बोटं हवेत कशाभोवती तरी मिटलेली, आपण दुसऱ्याचा हात हातात घेतो तशी. त्या हातावर, मनगटापासून पुढं, ऊन पडत नव्हतं.

बबडी त्यांच्या उजव्या बाजूला गुडघ्यांवर बसली आणि तिनं दुसरा हात दोन्ही हातांनी गच्च धरला. "बाबा," ती म्हणाली.

पेंटरांनी तिचा हात उचलून आपल्या गालाला लावला. त्यांच्या बंद पापण्यांतून पाणी येत होतं.

"किती वर्षांनी गं आलीस," ते बबडीलाच म्हणाले. "हात अजून तसाच आहे, मऊ. रंगाचा वास येतोय. पोरीनं काढलं ना तुला."

मग त्यांनी चेहरा दुसरीकडे, डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे वळवला आणि लाडानं म्हणाले, "बबडे, सरक जरा. आईला नीट बसू दे."

"बाबा, बबडी मी आहे!" बबडी ओरडली. "मी इकडे आहे! हा माझा हात आहे!"

पेंटर मान कलती करून ऐकत राहिले. त्यांच्या तोंडावर हसू पसरत गेलं. त्यांनी डावी मूठ हलकेच दाबली, आणि डावीकडच्या ज्या मोकळ्या जागेला ते बबडी समजत होते तिला म्हणाले, "ऐकलंस? आवाज अगदी तुझाच आहे गं हिचा."